विंग कमांडरच्या पुढे काय? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात हवाई दलातल्या रँकवर अर्धं पान लिहिलं होतं, कोण कोणाच्या वर एवढंच (खालून वर: फ्लाइंग ऑफिसर, फ्लाइट लेफ्टनंट, स्क्वाड्रन लीडर, विंग कमांडर, ग्रुप कॅप्टन, एअर कमोडोर, एअर व्हाइस मार्शल, एअर मार्शल आणि सगळ्यात वर चीफ), तर त्यावर इतके प्रश्न आले की या वेळचं सदर सगळं त्यालाच दिलंय. माझी ओळख ज्यांना नाही त्यांच्यासाठी सांगतो, मी ग्राउंड ड्यूटीवाला, एटीसीत, म्हणजे विमान वाहतूक नियंत्रणात, नोकरी झाली आणि ग्रुप कॅप्टन म्हणून रिटायर झालो, त्यामुळे आकाशातल्या थरारक गोष्टी माझ्याकडे कमी आणि प्रमोशन बोर्डाच्या जास्त.

प्र. मुलगा बारावीला आहे, सायन्स. त्याला हवाई दलात जाऊन एकदम चीफच व्हायचंय. आमचे मोठे दीर म्हणतात आधी इंजिनियरिंग करू दे, हातात डिग्री असलेली बरी, मग एफकॅट, म्हणजे हवाई दलाची डिग्रीनंतरची प्रवेश परीक्षा, देईल. काय करावं? — एक आई, सातारा

उ. ताई, दिरांचा सल्ला नोकरीसाठी चांगला आहे, चीफ होण्यासाठी नाही. आणि याचं कारण हुशारी वगैरे काही नसून जन्मतारीख आहे, जी कोणी सांगत नाही.

बघा, एअर मार्शल साठाव्या वर्षी रिटायर होतो. चीफला मात्र बासष्ट वर्षं वय किंवा तीन वर्षांची टर्म, जे आधी संपेल ते. म्हणजे चीफ व्हायचं तर साठीच्या आत एअर मार्शल होऊन, एखादी कमांड, म्हणजे हवाई दलाचा एक मोठा विभाग, सांभाळून, बहुतेक वेळा व्हाइस चीफच्या खुर्चीपर्यंत पोचलेलं असायला हवं, आणि वरची जागा रिकामी होते तेव्हा तुम्ही अजून नोकरीत असायला हवं. आता काही तारखा सांगतो. आपले विवेक राम चौधरी साहेब, नांदेड जिल्ह्यातले, जन्म ४ सप्टेंबर १९६२, कमिशन, म्हणजे अधिकारी म्हणून नेमणूक, २९ डिसेंबर १९८२, म्हणजे वय वीस. प्रदीप वसंत नाईक, जन्म जुलै १९४९, कमिशन जून १९६९, अजून वीस पूर्ण पण नव्हती. अनिल यशवंत टिपणीस, कारगिलच्या वेळचे चीफ, जन्म सप्टेंबर १९४०, कमिशन मे १९६०, तेही विशीच्या आतच. तिघंही मराठी आणि तिघंही विसाव्या वर्षाच्या आसपास विमानात बसलेले. हा योगायोग नाही.

चौधरी साहेब ३० सप्टेंबर २०२१ ला चीफ झाले तेव्हा एकोणसाठ वर्षांचे होते. समजा तीच बॅच, तेच मार्क, तेच रेकॉर्ड, फक्त जन्म दोन वर्षं आधीचा असता, तर ते २०२० च्या सप्टेंबरलाच एअर मार्शल म्हणून घरी आले असते आणि आपण त्यांचं नावही ऐकलं नसतं कदाचित. त्यांच्यानंतरचे अमर प्रीत सिंग साहेब तर अजून कमाल, जन्म २७ ऑक्टोबर १९६४ आणि चीफ झाले ३० सप्टेंबर २०२४ ला, साठीला फक्त २७ दिवस बाकी!

बारावीनंतरच्या एनडीएला, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीला, वयाची अट साडेसोळा ते साडेएकोणीस. तिथे खडकवासल्याला तीन वर्षं, मग हैदराबादजवळ दुंडीगलला साधारण एक वर्ष, म्हणजे कमिशन मिळताना कोणी साडेवीसचा तर कोणी साडेतेवीसचा, आणि दोघंही एकाच कोर्सचे, सिनियॉरिटी कोर्सच्या मेरिटवर, पण एकाकडे तीन वर्षं जास्त नोकरी शिल्लक. सुरुवातीची वीस पंचवीस वर्षं याचा काही फरक पडत नाही, नंतर मात्र हाच फरक सगळ्यात मोठा होतो.

एफकॅटचं दुसरं दुखणं आहे. त्यातून फ्लाइंग ब्रँचला जातात ते शॉर्ट सर्व्हिसवर, चौदा वर्षं, पेन्शन नाही. चौदा वर्षांत माणूस विंग कमांडर होतो आणि बाहेर पडतो. नोकरी म्हणून उत्तम, बाहेर आल्यावर एअरलाइन पण मिळते, पण वरच्या रँकचा रस्ता तो नाही. डिग्रीनंतर पर्मनंट कमिशन हवं तर सीडीएस परीक्षा आहे, तोवर वय मात्र पुढे गेलेलं असतं.

तर बारावीचं वर्ष आहे, फिजिक्स केमिस्ट्री मॅथ्स घेतलंय का एवढं बघा आणि एनडीएचा फॉर्म भरा, वर्षातून दोनदा परीक्षा असते. इंजिनियरिंगची सीईटी सोबत देऊ दे की, कोण अडवतंय. उंची १६२.५ सेंटिमीटरच्या वर आहे का ते बघा, पायांची लांबी पण मोजतात कारण कॉकपिटमध्ये बसायचं असतं. आणि एक गोष्ट त्याला नीट समजावा, पायलटची जी कॉम्प्युटरवरची चाचणी असते, सीपीएसएस, ती आयुष्यात एकदाच देता येते, नापास झालं की फ्लाइंगचं दार कायमचं बंद. त्यामुळे झोप न होता, ताप अंगात घेऊन तिथे जायचं नाही.

ज्यांची मुलं अजून लहान आहेत त्यांच्यासाठी, दहावीनंतर छत्रपती संभाजीनगरची सरकारी सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट १९७७ पासून हेच काम करतेय, आता मुलींसाठी नाशिकला पण सुरू झालीये. साताऱ्याचं सैनिक स्कूल तर तुमच्या उशाशीच आहे, १९६१ पासून.

प्र. माझे दाजी फायटर पायलट आहेत, विंग कमांडर. ग्रुप कॅप्टनच्या बोर्डात त्यांचं नाव आलं नाही. तेव्हापासून घरात कोणी काही बोलत नाही पण लग्नाकार्यात नातेवाईक विचारतात की काही गडबड झाली का. नक्की काय होतं या बोर्डात? त्यांचं काय चुकलं असेल? — नागपूरहून एक वाचक

उ. काही चुकलं नसेल. शंभरातल्या बऱ्याच जणांचं काहीच चुकलेलं नसतं आणि तरी नाव येत नाही, हे बाहेरच्या माणसाला पटवणं महाकठीण.

हवाई दलात पहिली तेरा वर्षं प्रमोशन जवळपास घड्याळावर चालतं. फ्लाइंग ऑफिसर म्हणून कमिशन, दोन वर्षांनी फ्लाइट लेफ्टनंट, सहा वर्षांनी स्क्वाड्रन लीडर, तेरा वर्षांनी विंग कमांडर. आधीची परीक्षा वगैरे पास असली आणि काही भानगड नसली की मिळतंच. म्हणून घरच्यांना सवय लागते की दर काही वर्षांनी खांद्यावर पट्टी वाढते. आणि मग एकदम ग्रुप कॅप्टनला सिलेक्शन बोर्ड येतं, तिथून पुढे प्रत्येक पायरीला सिलेक्शन, एअर कमोडोर, एअर व्हाइस मार्शल, एअर मार्शल. खरी करिअर इथे ठरते, चाळिशीच्या आसपास, आणि बाहेरच्या लोकांना हे वळण दिसतच नाही कारण त्यांना वरचे मेडलवाले तेवढे टीव्हीवर दिसतात.

बोर्ड बघतं काय? वर्षानुवर्षांचे ॲप्रेजल रिपोर्ट, म्हणजे आत्ताच्या साहेबाचं मत नाही तर दहा बारा साहेबांची मतं एकत्र. मग कोर्स कोणते केले. वेलिंग्टनचं स्टाफ कॉलेज झालंय का, नीलगिरीतलं, तिथे जवळजवळ वर्षभर तिन्ही दलांचे ऑफिसर एकत्र शिकतात आणि तिथे सिलेक्शन होणं हीच एक चाळणी असते. फायटरवाला असेल तर ग्वाल्हेरच्या टॅकडेचा, म्हणजे हवाई युद्धतंत्र शिकवणाऱ्या संस्थेचा, फायटर कॉम्बॅट लीडर कोर्स, किंवा टेस्ट पायलट, किंवा तांबरमहून इन्स्ट्रक्टर होऊन आलाय का. मग मेडिकल कॅटेगरी. फायटरवाल्याने कधी इजेक्ट केलं असेल, म्हणजे संकटात सीटसकट विमानाबाहेर पडला असेल, तर पाठीच्या मणक्यावर परिणाम होऊ शकतो, कधी कधी कायमचा, मग फायटर सुटून ट्रान्सपोर्ट किंवा ग्राउंड जॉब. हा दोष कोणाचा म्हणायचा?

आणि सगळ्यात वर, जागा. ब्रँचप्रमाणे, त्या वर्षी किती व्हेकन्सी आहेत तेवढेच घेणार. फायटरवाल्याला पुढे जायचं तर स्क्वाड्रन, म्हणजे विमानांची तुकडी, कमांड केलेली असणं फार महत्त्वाचं, आणि स्क्वाड्रनच कमी झाल्यात. मंजूर संख्या ४२ ची, सप्टेंबर २०२५ मध्ये चंदीगडला मिग २१ ला निरोप दिला तेव्हा २९ वर आलो. स्क्वाड्रन कमी म्हणजे सीओच्या, स्क्वाड्रनच्या प्रमुखाच्या, खुर्च्या कमी, आणि ज्याला ती खुर्ची मिळालीच नाही त्याच्या रेकॉर्डमध्ये कमांड कुठून येणार. कोर्स, म्हणजे एकत्र कमिशन मिळालेली बॅच, चांगला निघाला, एकाच कोर्समध्ये आठ दहा तगडे पायलट असले, तर त्यातला पाचवा सहावा माणूस दुसऱ्या कोर्समध्ये सहज वर गेला असता. हे मी डोळ्यांनी बघितलंय, कितीतरी वेळा.

नातेवाइकांना सांगायचंच असेल तर एक नाव सांगा, राकेश शर्मा. अंतराळात गेलेले पहिले भारतीय, अशोक चक्र, आणि हवाई दलातून बाहेर पडले ते विंग कमांडर म्हणूनच, पुढे आपल्या नाशिकला एचएएलमध्ये टेस्ट पायलट होते. त्यांच्या रँकवरून त्यांना कोणी कमी लेखलंय का?

दाजींच्या हातात आता काय आहे ते सांगतो. नाव एकदाच बघितलं जात नाही, पुन्हा विचार होतो. नाहीच झालं तर सव्वीस वर्षं सेवा झाली की टाइम स्केलवर ग्रुप कॅप्टनची रँक मिळते, पट्ट्या त्याच, पगाराची लेव्हल आणि मोठी पदं तेवढी सिलेक्टवाल्यांना. वीस वर्षं झाली असतील तर पेन्शन पक्की, त्यामुळे लवकर रिटायरमेंट मागून एअरलाइनला जाणारेही भरपूर. पण हा निर्णय बोर्डाचा रिझल्ट आला त्याच महिन्यात घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, आणि तुम्ही मेहुणे म्हणून करण्यासारखं एकच, लग्नात नातेवाइकांना जेवणाच्या टेबलावर तरी तो विषय काढू देऊ नका.

प्र. एअर कमोडोर, एअर व्हाइस मार्शल झाल्यावर हे लोक दिवसभर करतात तरी काय? विमान उडवतात का? — पुण्याहून, लोहगावजवळ राहणारा एक कॉलेजकुमार (खिडकीतून सुखोई दिसतं)

उ. खिडकीतून सुखोई दिसतं म्हणजे नशीबवान आहेस, आवाजाची तक्रार करत नाहीस हे त्याहून विशेष.

उडवतात, पण कमी. जसजशी रँक वाढते तसतसे फ्लाइंग अवर्स आटत जातात आणि फायली वाढत जातात. स्टेशनचा मुख्य, एअर ऑफिसर कमांडिंग (एओसी), मोठ्या बेसला साधारण एअर कमोडोर असतो. तो आठवड्यात मधूनमधून सॉर्टी, म्हणजे उड्डाण, करतो, करायलाच हवी असं मानलं जातं, कारण स्वतः न उडणाऱ्याचं पोरं ऐकून घेतात पण मनावर घेत नाहीत. वरचे लोकही उडतात. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये धनोआ साहेबांनी, चीफ असताना, पठाणकोटहून विंग कमांडर अभिनंदनसोबत मिग २१ उडवलं होतं. हेच धनोआ साहेब कारगिलच्या वेळी विंग कमांडर होते आणि १७ स्क्वाड्रनचे सीओ. त्या वेळी त्यांच्याकडे बघून कोणी म्हणालं नसेल की हा माणूस सतरा वर्षांनी चीफ होणार.

बाकीचा दिवस मात्र, आता तुझ्या लोहगावचंच उदाहरण घे. रनवे हवाई दलाचा, त्यावर पुणे विमानतळाची पॅसेंजर विमानं उतरतात. म्हणजे एओसीला सकाळी फायटरचं फ्लाइंग, मध्ये एअरलाइनचे स्लॉट, रनवेची दुरुस्ती कधी करायची यावर मीटिंग, कोणीतरी बाहेर कचरा टाकतंय आणि त्यावर घारी जमतायत म्हणून महापालिकेला पत्र, कारण इंजिनमध्ये पक्षी गेला तर काय होतं ते सांगायची गरज नाही. मग भिंतीलगत कोणाचं बांधकाम वर चढलंय ते, क्वार्टरला पाणी येत नाही ते, एअर फोर्स स्कूलला शिक्षक नाहीत ते, एखाद्या एअरमनच्या घरचं भांडण, गेटवरची सुरक्षा, आणि कुठे काही छोटा मोठा अपघात झाला की कोर्ट ऑफ इन्क्वायरी. मी टॉवरमध्ये होतो तेव्हा मला वाटायचं साहेबाला काय काम आहे, फोन करतो आणि विचारतो विझिबिलिटी किती. नंतर त्याच्या ऑफिसात बसायची वेळ आली तेव्हा कळलं की हा फोन म्हणजे त्याच्या दिवसातली सगळ्यात आनंदाची पाच मिनिटं होती.

दिल्लीत वायु भवनला, हवाई दलाच्या मुख्यालयात, गेलं की तर विमान फक्त भिंतीवरच्या फोटोत. तिथे खरेदी, बजेट, संरक्षण मंत्रालयाच्या शंका, संसदेच्या प्रश्नांची उत्तरं. काही चांगले पायलट तिथे अक्षरशः कोमेजतात, आणि काही, ज्यांचं स्क्वाड्रनमध्ये फारसं नाव नव्हतं, तिथे फुलतात. बोर्डाला दोन्ही जमणारा माणूस हवा असतो.

प्र. मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. टेक्निकल ब्रँचमधून मुलगी किती वर जाऊ शकते? चीफ? — नाशिक

उ. चीफ नाही. आजवरचे सगळे चीफ फ्लाइंग ब्रँचचे आहेत आणि हे लवकर बदलेल असं मला वाटत नाही. पण टेक्निकलवाले एअर मार्शल होतात, वायु भवनला एअर ऑफिसर इन्चार्ज मेंटेनन्स हे पद इंजिनियरचं, आणि आपल्या नागपूरला मेंटेनन्स कमांडचं हेडक्वार्टर आहे, तिथेही इंजिनियर कमांडर इन चीफ झालेत. तू नाशिकची आहेस तर ओझरचा बेस रिपेअर डेपो माहीत असेलच, मिग आणि सुखोईची मोठी ओव्हरहॉलची कामं तिथे होतात, अशा ठिकाणी तुझ्यासारखी माणसं लागतात. मीटिऑरॉलॉजी, एज्युकेशन, अकाउंट्स या छोट्या ब्रँचमध्ये मात्र वरच्या जागा अगदीच मोजक्या, हे निवडताना लक्षात ठेव.

मुलींचं म्हणशील तर पद्मा बंदोपाध्याय २००४ मध्ये एअर मार्शल झाल्या, पण त्या डॉक्टर, मेडिकलच्या. बाकी ब्रँचमध्ये मुली यायला लागल्या ९० च्या दशकात आणि त्याही शॉर्ट सर्व्हिसवर, मग वर कोण पोचणार. शालिझा धामी, ग्रुप कॅप्टन, हेलिकॉप्टर पायलट, यांना २०२३ मध्ये पश्चिम सीमेवरच्या मिसाइल स्क्वाड्रनची कमांड मिळाली, तेव्हा बाईला अशी लढाऊ तुकडीची कमांड मिळायची ही पहिलीच वेळ होती. एनडीएतून मुलींची पहिली तुकडी, सतरा जणी, मे २०२५ मध्ये बाहेर पडली. वर सातारच्या ताईंना जे गणित सांगितलं ते इथे लाव, म्हणजे यातली कोणी सगळ्यात वर पोचायची तर साधारण २०६५ उजाडणार. तुझ्यासाठी मात्र पहिला प्रश्न पर्मनंट कमिशनचा आहे, शॉर्ट सर्व्हिसवर गेलीस तर पुढे तो पर्याय किती जणांना आणि कशावर मिळतो हे जाहिरातीत नीट वाच, क्लासवाल्यांचं ऐकून नको.

प्र. पगार? — नाव नको, कोल्हापूर

उ. थेट मुद्द्यावर! सातव्या वेतन आयोगाचे सुरुवातीचे बेसिक सांगतो, वर महागाई भत्ता वगैरे वेगळं. फ्लाइंग ऑफिसर ५६,१००. विंग कमांडर १,२१,२००. ग्रुप कॅप्टन १,३०,६००, एअर कमोडोर १,३९,६००, एअर व्हाइस मार्शल १,४४,२००. कमांडर इन चीफ २,२५,००० आणि चीफ २,५०,०००, या वरच्या दोन्ही रकमा ठरलेल्या, त्यात इन्क्रिमेंट नाही.

यात एक गंमत आहे. मिलिटरी सर्व्हिस पे म्हणून जे महिना १५,५०० मिळतात ते एअर कमोडोरपर्यंतच. एअर व्हाइस मार्शल झालात की बंद. म्हणजे नुसते सुरुवातीचे आकडे शेजारी ठेवले तर धाकट्या रँकची बेरीज जास्त दिसते. गाडीवर एकाच्या दोन स्टार झाल्याचा आनंद, आणि पे स्लिप बघून आलेलं हसू, हे दोन्ही एकाच महिन्यात येतं असं सगळेच सांगतात.

प्र. सचिन तेंडुलकर ग्रुप कॅप्टन आहे म्हणे. मग त्याला हवाई दलात सॅल्यूट करावा लागतो का? आमच्यात पैज लागलीये. — डोंबिवली लोकलचा आमचा ग्रुप

उ. आहे, २०१० मध्ये मानद ग्रुप कॅप्टन केलं. युनिफॉर्म घालून कार्यक्रमाला आला तर रँकचा मान ठेवून सॅल्यूट होतो. पण कमांड नाही, पगार नाही, कोणाला ऑर्डर देता येत नाही. पैज कशावर लागली ते लिहिलं नाहीत, तुमचं तुम्ही बघा. आणि हो, हवाई दलातला ग्रुप कॅप्टन म्हणजे आर्मीतला कर्नल. आर्मीचा कॅप्टन आणि हा कॅप्टन वेगळे, लग्न जमवणाऱ्यांनी खास लक्षात ठेवावं.

प्र. मोठ्या अधिकाऱ्यांच्या नावापुढे पीव्हीएसएम, एव्हीएसएम, व्हीएम, एडीसी अशी शेपटी असते ती काय? — निवृत्त शिक्षक, लातूर

उ. गुरुजी, पहिली दोन म्हणजे परम विशिष्ट सेवा मेडल आणि अति विशिष्ट सेवा मेडल, ही दीर्घ आणि मोठ्या जबाबदारीच्या सेवेसाठी, त्यामुळे वरच्या रँकला जास्त दिसतात. व्हीएम म्हणजे वायुसेना मेडल, ते शौर्यासाठीही मिळतं आणि कामासाठीही. एडीसी हे मेडल नाही, राष्ट्रपतींचे मानद एडीसी, चीफ असतातच आणि काही कमांडर इन चीफही. मला विचाराल तर शेपटीत व्हीआरसी, म्हणजे वीर चक्र, किंवा एमव्हीसी, म्हणजे महावीर चक्र, दिसलं की तिथे थांबून वाचावं, ती लढाईतली असतात. हृषीकेश मुळगावकर, मुंबईचे, १९७६ ते १९७८ चीफ होते, त्यांच्या नावापुढे महावीर चक्र होतं.

पुढच्या अंकासाठी एअरमन आणि अग्निवीर वायूबद्दलचे प्रश्न बाजूला ठेवलेत, बरेच आहेत, अजून पाठवायचे असतील तर वय आणि शिक्षण लिहून पाठवा, नुसतं "होईल का" असं विचारलं की उत्तर देता येत नाही.